टेक्सास, ४ मार्च २००८: मतं क्लिंटन यांना जास्त, डेलिगेट ओबामांना

४ मार्च २००८ रोजी टेक्सासमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार निवडण्याच्या मतदानात, २८ लाखांहून जास्त लोकांनी मतदान केलं. हिलरी क्लिंटन यांना सुमारे १४ लाख ६३ हजार मतं पडली, बराक ओबामांना सुमारे १३ लाख ६२ हजार. टक्क्यांत सांगायचं तर ५१ विरुद्ध ४७. मध्यरात्र उलटल्यावर वाहिन्यांनी टेक्सास क्लिंटन यांच्या नावावर लावलं. ओहायो त्यांनी त्याच संध्याकाळी जिंकलं होतं. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांचा सूर एकच होता: क्लिंटन पुन्हा शर्यतीत आल्या.

उमेदवार मात्र मतांच्या बेरजेवर ठरत नाही. प्रत्येक राज्यातून पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनाला डेलिगेट, म्हणजे प्रतिनिधी, जातात आणि त्यांच्या मतांवर उमेदवार ठरतो. टेक्सासमधून निवडून जाणाऱ्या १९३ डेलिगेटांचा हिशेब पूर्ण झाला तेव्हा ओबामांकडे ९९ होते आणि क्लिंटन यांच्याकडे ९४. एक लाख मतांनी जिंकलेल्या उमेदवाराला पाच डेलिगेट कमी.

डेलिगेट वाटपाची पद्धत समजून घ्यायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही. यात मतांच्या प्रमाणात वाटप आहे, मतदारसंघनिहाय वाटप आहे, कॉकस, म्हणजे मतदारांची सभा भरवून घेतलेला कौल, आहे आणि जुन्या मतदानावरून जागा ठरवण्याची पद्धतही आहे. शिवाय या निकालाचं जे कारण लोक सहसा सांगतात ते मला चुकीचं वाटतं. ते का, हे आकड्यांनीच दाखवता येतं.

१९३ चे तीन भाग

टेक्सासच्या वाट्याला एकूण २२८ डेलिगेट होते. त्यांतले ३५ सुपरडेलिगेट, म्हणजे पक्षाचे पदाधिकारी, खासदार वगैरे. ते कुणालाही पाठिंबा द्यायला मोकळे होते, त्यामुळे त्यांना इथे बाजूला ठेवू. उरलेल्या १९३ मधले १२६ दिवसभराच्या प्रायमरीतून ठरणार होते. बाकीचे ६७ त्याच रात्री, मतदान संपल्यावर, केंद्राकेंद्रांवर भरणाऱ्या सभांपासून सुरू होणाऱ्या कॉकसमधून ठरणार होते. या ६७ मध्ये ४२ राज्यपातळीवरचे आणि २५ पक्षाच्या नेत्यांसाठी राखलेले. एकाच दिवशी एकाच मतदाराने दोनदा कौल द्यायचा, म्हणून या पद्धतीला तिकडे ‘टेक्सास टू-स्टेप’ म्हणत. टू-स्टेप हा तिथला लोकप्रिय नाच.

प्रायमरीचे १२६ सबंध राज्याच्या मतांवर वाटले जात नाहीत, ही पहिली मेख. टेक्सास राज्याच्या सिनेटचे, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाचे, ३१ मतदारसंघ आहेत. प्रत्येक मतदारसंघाला ठराविक जागा आणि त्या जागांची वाटणी त्या मतदारसंघातल्या मतांप्रमाणे. १५ टक्क्यांच्या खाली मतं मिळाली तर शून्य. वरच्यांना प्रमाणात. हे प्रमाणशीर वाटप डेमोक्रॅटिक पक्षात सहज आलेलं नाही. १९८४ आणि १९८८ मध्ये पक्षाच्या उमेदवारीसाठी लढलेल्या जेसी जॅक्सन यांनी मतांच्या मानाने डेलिगेट कमी मिळतात म्हणून झगडा केला, त्याचं हे फळ. १९९२ पासून पक्षाने ते सगळ्या राज्यांना बंधनकारक केलं.

रिपब्लिकन पक्षाचं तसं नव्हतं. त्याच वर्षी मिसुरीत जॉन मॅकेन यांना ३३ टक्के मतं पडली, माइक हकबी यांना जवळजवळ ३२, मिट रॉम्नी यांना २९. मिसुरीचे सगळेच्या सगळे ५८ डेलिगेट मॅकेन यांना. म्हणूनच ४ मार्चच्या रात्री मॅकेन उमेदवारीला लागणारा ११९१ डेलिगेटांचा आकडा ओलांडून मोकळे झाले आणि डेमोक्रॅट जूनपर्यंत भांडत राहिले.

तीन जागा, चार जागा, आठ जागा

वाटपाची रीत साधी आहे. मतांचा वाटा गुणिले जागा. आलेल्या उत्तरातला पूर्णांक लगेच द्यायचा, आणि उरलेली जागा ज्याचा अपूर्णांक मोठा त्याला. विधान परिषदेच्या निवडणुकीत कोट्याची आकडेमोड वर्तमानपत्रात वाचणाऱ्यांना हे अवघड जाणार नाही.

रिओ ग्रांदे नदीच्या काठाने, मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेल्या लॅटिनो वस्तीच्या भागात क्लिंटन यांचा जोर मोठा होता. तिथल्या मतदारसंघांना तीन किंवा चार जागा होत्या. समजा तीन जागांच्या मतदारसंघात त्यांना ६८ टक्के मिळाले. तीन गुणिले ०.६८, म्हणजे २.०४. ओबामांचे ०.९६. निकाल २-१. आता समजा ६८ च्या जागी त्यांना ५१ च टक्के मिळाले. १.५३ आणि १.४७. एकेक जागा दोघांना, उरलेली मोठ्या अपूर्णांकाला. निकाल पुन्हा २-१. तीनही जागा घ्यायच्या तर ८३ टक्क्यांच्या पुढे जावं लागतं. ५१ आणि ८३ यांच्या मधली सगळी मेहनत, घरोघरी फिरणं, फोन, सभा, डेलिगेटांच्या हिशेबात शून्य.

चार जागांच्या मतदारसंघात तऱ्हा वेगळी. ६२ टक्के मिळाले तर २.४८ आणि १.५२. ओबामांचा अपूर्णांक मोठा, म्हणून २-२. चोवीस टक्क्यांनी जिंकूनही बरोबरी. ६३ टक्के मिळाले तर २.५२, आणि एकदम ३-१. एका टक्क्याने सगळं फिरतं. आठ जागा असतील तर ५७ टक्क्यांवरच ५-३ होतात. ऑस्टिन शहराच्या चौदाव्या मतदारसंघाला आठ जागा होत्या. ह्यूस्टनच्या तेराव्याला सात, डॅलसच्या तेविसाव्याला सहा. ऑस्टिनमध्ये विद्यापीठ आणि तरुण मतदार, बाकीच्या दोन्हींत कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती. तिन्ही ओबामांच्या हातचे.

मग मतदारसंघांची लोकसंख्या कमीजास्त होती का? नाही. राज्याच्या सिनेटचे मतदारसंघ लोकसंख्येने जवळजवळ सारखेच असतात. त्या वेळी प्रत्येकी पावणेसात लाखांच्या आसपास. एकाला आठ आणि दुसऱ्याला तीन, हा फरक पक्षाने केलेला. पक्षाचे उमेदवार म्हणून २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत जॉन केरी यांना आणि २००६ च्या गव्हर्नरच्या निवडणुकीत ख्रिस बेल यांना त्या त्या मतदारसंघात किती मतं पडली, त्यावरून जागा ठरल्या. जिथे पक्षाला भरभरून मतं, तिथे जास्त जागा. सीमेवरच्या भागात मतदानच कमी झालेलं, म्हणून तिथे जागा कमी.

हे मला पटत नाही, आणि ते मी मोकळेपणाने सांगतो. पक्षाला निष्ठेचं बक्षीस द्यायचं असेल तर ते समजू शकतं. पण शिक्षा कुणाला होते ते पाहा. चार वर्षांपूर्वी तिचे शेजारी मतदानाला गेले नाहीत म्हणून आज रांगेत उभ्या असलेल्या, सीमेवरच्या ब्राउन्सव्हिल गावातल्या बाईच्या मताचं वजन कमी होतं. तिने स्वतः काय केलं, याला त्यात जागाच नाही. लॅटिनोंच्या संघटना या वाटपावरून न्यायालयात गेल्या, आणि त्यांची बाजू मला भक्कम वाटते.

तरीही उलटापालट इथे झाली नाही

निकालानंतर खापर फुटलं ते याच मतदारसंघांवर. ऑस्टिनला आठ आणि सीमेवर तीन, म्हणून क्लिंटन हरल्या, असं सगळीकडे लिहिलं गेलं. मीही बरेच दिवस तेच मानत होतो. मग एकदा कागद घेऊन बसलो.

प्रायमरीचे १२६ डेलिगेट वाटले गेले ते असे: क्लिंटन ६५, ओबामा ६१. आता मतदारसंघ विसरून जाऊ. दोघांच्या मिळून मतांत क्लिंटन यांचा वाटा ५१.८ टक्के होता. त्याने १२६ ला गुणलं तर ६५.२ येतात. म्हणजे सगळं राज्य एकच मतदारसंघ धरलं असतं तरी त्यांना ६५ च मिळाले असते. इथे तीन, तिथे आठ, इथे २-२ ची बरोबरी, तिथे अपूर्णांकाचा फायदा, असं सगळं मिळून बेरीज जिथे यायला हवी तिथेच आली. ब्राउन्सव्हिलच्या बाईवरचा अन्याय त्याने खोटा ठरत नाही. तिचं मत हलकं होतं ते होतंच. फक्त राज्याचा निकाल त्यामुळे फिरला नाही.

मग उरलेले ६७. तेही प्रायमरीच्या मतांवर वाटले असते तर ४२ मधले २२-२० आणि २५ मधले १३-१२, दोन्ही क्लिंटन यांच्या बाजूने, मिळून ३५-३२. राज्याची बेरीज झाली असती क्लिंटन १००, ओबामा ९३. प्रत्यक्षात कॉकसमध्ये ओबामांना ३८ मिळाले, क्लिंटन यांना २९. सातच्या आघाडीची पाचची पिछाडी झाली ती पूर्णपणे इथे.

रात्री सव्वासातनंतर

संध्याकाळी सातला मतदान संपायचं. सव्वासातला, किंवा रांगेतल्या शेवटच्या माणसाचं मत झालं की, त्याच केंद्रावर सभा सुरू. राज्यभरात अशी आठ हजारांहून जास्त केंद्रं होती. सभेत बसायची अट एकच: तुम्ही त्या दिवशी किंवा आधीच्या आगाऊ मतदानात डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत दिलेलं असलं पाहिजे.

गुप्त मतदान नाही. टेबलावर तक्ते असायचे. नाव, पत्ता लिहायचा आणि पुढच्या रकान्यात उमेदवाराचं नाव. ग्रामसभेत हात वर करण्यासारखंच हे, फक्त हाताऐवजी सही. मग नावं मोजायची, आणि त्या प्रमाणात पुढच्या पायरीसाठी, म्हणजे जिल्हा किंवा सिनेट मतदारसंघाच्या सभेसाठी, केंद्राचे डेलिगेट निवडायचे. किती? २००६ मध्ये त्या केंद्रात बेल यांना पडलेल्या दर १५ मतांमागे एक. इथेही तेच जुनं माप.

एरवी या सभांना मोजकी माणसं येत. पक्षाचे जुने कार्यकर्ते, बहुधा एकमेकांना ओळखणारे. त्या रात्री पक्षाच्या अंदाजाने दहा लाखांच्या आसपास लोक आले. शाळांची जेवणघरं, चर्चचे हॉल, ग्रंथालयं भरून लोक गाड्यांच्या तळावर उभे राहिले. तक्ते संपले, मिळेल त्या कागदावर नावं लिहिली गेली. कित्येक ठिकाणी सभा चालवणाऱ्यांना नियम नीट ठाऊक नव्हते. केंद्रांनी निकाल कळवायचे ते ऐच्छिक होतं. ४१ टक्के केंद्रांचे आकडे आल्यावर राज्यपक्षाने मोजणीच थांबवली. त्या वेळी ओबामा ५६, क्लिंटन ४४. पक्का हिशेब मार्चअखेरच्या सभा आणि जूनच्या राज्य अधिवेशनानंतर लागला.

दहा लाख हा आकडा ऐकायला भव्य आहे. पण मत देणारे २८ लाखांवर होते. जवळजवळ दोन-तृतीयांश मतदारांनी दुसरी पायरी चढलीच नाही, आणि राज्याच्या एक-तृतीयांशाहून जास्त डेलिगेट त्या पायरीवर ठरले. कोण आलं नाही याचा विचार केला की चित्र स्पष्ट होतं. दुसऱ्या पाळीला कामावर असलेला माणूस. लहान मुलं घरी असलेली आई. रात्री गाडी न चालवणारी म्हातारी माणसं. आगाऊ मत देऊन आपलं काम झालं असं समजणारे. क्लिंटन यांच्या मतदारांत वयस्कर आणि कष्टकरी लोक जास्त होते, ओबामांकडे तरुण आणि वेळ काढू शकणारे.

उत्साहाचा भाग होता, हे मी नाकारत नाही. दोन तास उभं राहायची तयारी हीसुद्धा एक भावना आहे. पण पद्धत बदलली की निकाल किती बदलतो, याचा पुरावा त्याच वर्षी दुसऱ्या राज्यात मिळाला. वॉशिंग्टन राज्यात ९ फेब्रुवारीला कॉकस झाले: ओबामा ६८, क्लिंटन ३१ टक्के. दहा दिवसांनी तिथेच प्रायमरी झाली, जिच्यावर डेलिगेट ठरणार नव्हते: ओबामा ५१, क्लिंटन ४६. तेच राज्य, तेच उमेदवार, तोच महिना. डेलिगेट वाटले गेले कॉकसवर, ५२-२६.

कागद कुणी वाचला

यातलं काहीच गुपित नव्हतं. मतदारसंघांच्या जागा आधी जाहीर झालेल्या, टू-स्टेप अनेक वर्षं चालत आलेलं. ओबामांच्या मोहिमेत मोहीमप्रमुख डेव्हिड प्लूफ आणि डेलिगेटांचं काम पाहणारे जेफ्री बर्मन यांनी हा हिशेब पहिल्या दिवसापासून मांडला होता. राज्य जिंकलं की नाही यापेक्षा राज्यातून किती डेलिगेट जास्त निघाले, हे त्यांचं माप.

त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण टेक्सासच्या महिनाभर आधीचं आहे. ५ फेब्रुवारीला न्यू जर्सीत अकरा लाखांच्या आसपास मतदान झालं, क्लिंटन ५४-४४ ने जिंकल्या, डेलिगेट ५९-४८. आघाडी ११ ची. त्याच दिवशी आयडाहोत कॉकस झाले. सगळे मिळून २१ हजार लोक. ओबामांना जवळजवळ ८० टक्के, डेलिगेट १५-३. आघाडी १२ ची. क्लिंटन यांच्या मोहिमेने अशा छोट्या कॉकस राज्यांत फारशी माणसं ठेवली नव्हती. मोठी राज्यं जिंकू, असा त्यांचा भरवसा होता. प्रमाणशीर वाटपात मोठं राज्य थोडक्यात जिंकून हाती काही लागत नाही, छोटं राज्य दणक्यात जिंकून लागतं.

१९ जानेवारीला नेवाडात धोक्याची घंटा वाजली होती. क्लिंटन ५१-४५ ने पुढे, पण डेलिगेट ओबामांना १३ आणि क्लिंटन यांना १२. ओबामा जिथे पुढे होते त्या उत्तरेकडच्या मतदारसंघात जागांची संख्या विषम होती, म्हणून निसटती आघाडीही जास्तीची एक जागा देऊन गेली. सम-विषमाचा हा खेळ दीड महिना आधी दिसून गेला होता. टेक्सासमध्ये कॉकससाठी माणसं उभी करायला तेवढा वेळ पुरेसा होता, असं मला वाटतं. नियम वाईट होते हे एक, आणि ते वाचून तयारी करणं मोहिमेचं काम होतं हे दुसरं. दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

त्या रात्रीची खरी बेरीज

४ मार्चला चार राज्यांत मतदान होतं. ओहायोत क्लिंटन यांना ७ ची आघाडी (७४-६७), ऱ्होड आयलंडमध्ये ५ ची (१३-८). व्हरमाँटमध्ये ओबामांना ३ ची (९-६), टेक्सासमध्ये ५ ची. सगळं मिळून क्लिंटन यांना चार डेलिगेट जास्त. एवढ्यासाठी ती रात्र. तीन आठवड्यांपूर्वी एकट्या व्हर्जिनियात ओबामांनी ५४-२९, म्हणजे २५ ची आघाडी घेतली होती. बिल क्लिंटन यांनी फेब्रुवारीत टेक्सासमधल्याच एका सभेत सांगून टाकलं होतं की टेक्सास आणि ओहायो जिंकली तर हिलरी उमेदवार होतील, नाहीतर होतील असं वाटत नाही. मतांनी दोन्ही जिंकूनही दरी बुजली नाही.

पुढचे तीन महिने लढत चालली. फ्लोरिडा आणि मिशिगनने तारखा नियमाआधी ओढल्या म्हणून त्यांचे डेलिगेट गोठवले होते. ३१ मे रोजी त्यांना अर्ध्या मतांचा दर्जा मिळाला. ३ जूनला ओबामांनी उमेदवारीला लागणारा २११८ चा टप्पा ओलांडला. शेवटी निवडून आलेल्या डेलिगेटांतला फरक सव्वाशेच्या आसपास होता.

टेक्सासने टू-स्टेप २०१५ मध्ये बंद केलं. २०१६ मध्ये सगळे २२२ डेलिगेट प्रायमरीवरच वाटले गेले. क्लिंटन ६५-३३ ने जिंकल्या, डेलिगेट १४७-७५, मतांशी जुळणारे. २०२० पर्यंत वॉशिंग्टन, मिनेसोटा, कोलोरॅडो यांनीही कॉकस सोडून प्रायमरी धरली. दुसरी पायरी गेली, पण पहिली तशीच आहे. २०२० मध्येही टेक्सासचे मतदारसंघनिहाय डेलिगेट ३१ सिनेट मतदारसंघांतच वाटले गेले, आणि मागच्या मतदानाच्या मापाने सीमेवरच्या भागाला ऑस्टिनपेक्षा कमीच जागा आल्या. चार जागांच्या मतदारसंघात दोघांतच लढत असेल तर ६२ टक्क्यांवर आजही २-२ च होतात.